व्ही.सी.ची तारीख

खिडकी आधी, लॅपटॉप मग, असा इथला क्रम आहे. ताई खिडकीची दोन्ही दारं ओढून कडी घालतात आणि वरच्या फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबतात. एसटी स्टँड मागच्याच गल्लीत आहे. तिथला कर्णा दर पाच-दहा मिनिटांनी गावाचं नाव घेतो: गाडी कुठून आली, कुठे निघाली, कोणत्या फलाटाला लागली. एप्रिलचा उकाडा आहे आणि थोड्या वेळानं पंखाही बंद होणार आहे, कारण त्याची खरखर माइकमध्ये शिरते. गावाचं नाव मीही लिहीत नाही. ते बाहेर जाऊ नये म्हणून बायका घामाघूम होऊन बसणार आणि मी ते छापून मोकळी होणार, हे बरं दिसत नाही.

ही ताईंच्या संस्थेची खोली. एरवी इथे बचत गटांच्या बैठका होतात. लोखंडी कपाट, सात-आठ प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात घडी घातलेली सतरंजी. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर टाचण्यांनी ताणून बसवलीय. २०२० च्या टाळेबंदीत सुनावण्या मोबाइलवर आल्या, तेव्हा बायका जिथे असतील तिथूनच जोडल्या जायच्या. त्यातल्या एकीच्या पाठीमागे किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यावर दुकानदाराचं नाव, गाव, फोन नंबर, सगळं ठसठशीत. ती मावशीकडे लपून राहिली होती. आठवडा उलटायच्या आत नवरा त्या दुकानापुढे येऊन उभा राहिला. ताई हे सांगताना आवाज चढवत नाहीत; चादरीची सुरकुती सारखी करत बोलतात.

"आधी सोलापुरी लावली होती. पण तिच्या नक्षीपुढे माणसाचं तोंडच दिसेना. मग ही."

जिची आज तारीख आहे ती दाराजवळच्या खुर्चीवर टेकलीय. वय तिशीचं, अबोली साडी, केस घट्ट बांधलेले. साडी कोर्टाची आहे, चपला घरातल्या. चपला कॅमेऱ्यात येत नाहीत. मी कोण, कशाला आले, हे ताईंनी तिला आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलंय. तिनं 'बसू द्या, पण माझं नाव नको' असं सांगितलंय.

तिची केस पुण्यात आहे. केसचं पूर्ण नाव कुणी घेत नाही, सगळे 'डी.व्ही.' म्हणतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. त्याचं कलम १२ सांगतं की अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. हिच्या केसचं दुसरं वर्ष चालू आहे. साठ दिवसांचं तिला सांगितलं तर ती हसते, आणि ते हसू काही कडवट नसतं. तिला खरोखरच गंमत वाटते.

अर्ज केला तेव्हा ती पुण्यातच मैत्रिणीकडे होती. मग लेकीला घेऊन इकडे आली आणि तारखा तिकडेच राहिल्या. तारखेच्या आदल्या रात्री एसटी, पहाटे स्वारगेट, स्टँडवरच्या मोरीत साडी बदलायची आणि अकराच्या आत कोर्टाच्या व्हरांड्यात. तिथे तिचा नवरा आधीच आलेला असायचा, दोन्ही भावांना घेऊन.

"काय करायचा?"

"काहीच नाही. गाडीची किल्ली बोटात फिरवायचा."

मला कळत नाही हे तिच्या लक्षात येतं. ती समजावून सांगते. रात्री जिन्यात किल्ली वाजली की लेक पांघरुणात शिरायची. वाजण्यावरून कळायचं, आज किती प्यायलाय. व्हरांड्यात पोलीस होता, वकील होते, चहावाला पोरगा ये-जा करत होता. सगळ्यांना ती किल्ली ऐकू येत होती आणि कुणालाच ऐकू येत नव्हती. तक्रार करायची तर काय करायची? किल्ली वाजवणं हा कोणत्या कलमाखालचा गुन्हा?

शेवटी वकीलबाईंनी व्ही.सी.चा, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा, अर्ज दिला. सर्वोच्च न्यायालयानं ६ एप्रिल २०२० रोजी स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात देशभरच्या न्यायालयांना पडद्यावरच्या कामकाजाची वाट मोकळी करून दिली होती, ती साथीपुरती. साथ ओसरली, वाट राहिली. अर्ज मंजूर झाला.

लॅपटॉप संस्थेचा, सिमकार्ड संस्थेचं. स्वतःच्या फोनवरून जोडलं तर कधीकधी नावाच्या जागी नंबरच झळकतो, आणि बायकांनी नंबर बदलून जेमतेम स्थिरस्थावर झालेलं असतं. ताई लिंक उघडतात, नावाच्या रकान्यात 'अर्जदार, ३८' असं टाइप करतात. ३८ हा आजच्या बोर्डावरचा नंबर. सकाळी वकीलबाईंचा फोन आला होता: जेवणाच्या सुट्टीनंतरच पुकारा होईल, पण अकरापासून बसून राहा, मध्येच आधी घेतली तर पंचाईत.

पडदा उजळतो आणि चौकटी उमटतात. कोर्टाच्या चौकटीत डायसचा कोपरा, फायलींचा ढीग, अध्येमध्ये काळ्या कोटाची बाही. बाकीच्या चौकटींत माणसं. पोलीस ठाण्यातून साक्षीला बसलेला हवालदार टोपी काढून डोकं खाजवतोय. एका वकिलांचा कॅमेरा छताकडे आहे. त्यांच्याकडचा पंखा चालू आहे, याचा मला हेवा वाटतो. कुणाचं तरी लहान मूल रडतंय आणि शिरस्तेदार तिसऱ्यांदा म्हणतोय, "माइक बंद ठेवा, माइक बंद ठेवा."

खालच्या ओळीत डावीकडून दुसरा, तो.

ती खुर्ची मागे ओढते.

"मला बघायलाय का तो?"

"नाही गं. आपला कॅमेरा बंद आहे. पुकारा झाल्यावरच लावायचा."

"पण मला दिसतोय की."

व्हरांड्यात निदान पाठ फिरवता यायची, खांबाआड जाता यायचं, बायकांच्या बाकावर सरकता यायचं. इथे तो हातभर अंतरावर आहे, समोरासमोर, आणि पुढचे तीन-चार तास तिथेच राहणार आहे. नजर काढायची तर लॅपटॉप सोडून उठावं लागेल, आणि उठलं की नेमका पुकारा होणार ही धास्ती. ताईंनी यावर उपाय काढलेला आहे. जुन्या पाकिटाचा चौकोनी तुकडा कापून त्या पडद्यावर त्याच्या तोंडावर चिकटवतात, सेलोटेपनं. बस. आता तिथे खाकी चौकोन आहे.

पण चौकटी जागच्या जागी राहत नाहीत. कुणी नवा आला की सगळे एक घर सरकतात. खाकी चौकोनाखाली हवालदार जातो आणि तो शेजारून पुन्हा उघडा पडतो. ताई तुकडा काढून सरकवतात. पुन्हा कुणी येतं. पुन्हा सरकवतात. चौथ्या-पाचव्या वेळी ताईंचा हात पोचायच्या आत तिनंच तुकडा उचललेला असतो. नखानं टेप सोडवते, सरकवते, अंगठ्यानं दाबते. मग हे काम तिच्याकडेच जातं.

खोलीत आणखी एक बाई आहेत, साठीकडे झुकलेल्या, हातात कापडी पिशवी. सगळे त्यांना आक्का म्हणतात. त्यांची केस निराळी, तारीख पुढच्या महिन्यात, तीही पुण्यालाच. त्या आल्यात अर्ज लिहून घ्यायला, आणि त्यांचा अर्ज उलटा आहे. वकिलांनी त्यांच्यासाठी व्ही.सी. मागितली होती, ती मंजूर झालीय आणि आक्कांना ती नको आहे.

"मी जाणार तिथं. एसटीला अर्धं तिकीट झालंय आता बायांना."

"गुडघे?" ताई विचारतात.

"गुडघ्यांचं बघते मी. तेहेतीस वर्षं त्याच्यापुढं मान खाली घालून वाढलं मी ताटात. एकदा त्याच्यासमोर उभी राहून बोलायचंय. टीव्हीत दिसल्यावर त्याला काय वाटणार? बटण दाबलं की मी गेले!"

या खोलीत बसून दोघींकडे आळीपाळीनं पाहताना दिल्लीतला जुना वाद आठवतो. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका पत्नीची मागणी होती की नवऱ्यानं जबलपूरला लावलेला दावा हैदराबादला हलवावा. दोन न्यायमूर्तींच्या पीठानं अशा बायकांसाठी व्हिडिओ सुनावणीचा मार्ग सुचवला: बाईनं प्रवास कशाला करायचा, पडद्यावरून बोलावं. सात महिन्यांत, ९ ऑक्टोबरला, तीन न्यायमूर्तींनी तो फिरवला, दोन विरुद्ध एक. सरन्यायाधीश दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती खानविलकर यांचं म्हणणं असं की कुटुंब न्यायालयातली बोलणी बंद दाराआडची असतात, पडद्यावर ती गुप्तता राहत नाही आणि बाई मोकळेपणानं बोलू शकत नाही. समेटाचे प्रयत्न फसल्यावर आणि दोघांचीही संमती असेल तरच न्यायालयानं व्हिडिओचा विचार करावा. न्यायमूर्ती चंद्रचूड वेगळे पडले: हे त्या त्या न्यायालयावर सोडा, तंत्रज्ञानाची दारं बंद करू नका. निकाल कुटुंब न्यायालयांपुरता होता, आणि अडीच वर्षांत साथीनं तो वाद बाजूलाच टाकला. पण वाद संपला नाही. तो इथे दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलाय. एकीला पडदा हवा, एकीला नको. दोघींनाही नेमकं माहीत आहे का ते. मला विचाराल तर ठरवायचा हक्क त्यांचा. 'दोघांची संमती' या अटीत मात्र एक मेख आहे: संमती ज्याच्याकडून घ्यायची, त्याच्यापासून तर ती लांब पळतेय.

सव्वा वाजतो. कोर्ट जेवायला उठतं, चौकटी काळ्या होतात, पण तो जात नाही. त्याचा कॅमेरा चालू आहे. त्याच्याकडे कुणीतरी ताट आणून ठेवतं, बांगड्यांचा हात दिसतो आणि जातो.

"सासू," ती म्हणते. तुकडा बाजूला करून ती पाहतेय. एवढा वेळ झाकत होती आणि आता नाक पडद्याला लागेल इतकी वाकलीय. त्याच्याकडे नाही, त्याच्या मागे.

"पडदे बदललेत. शोकेस तेच. टीव्ही मोठा घेतला वाटतं." मग थांबते. "ताई, ते बघा. शोकेसच्या बाजूला. फुलाफुलांचं कापड टाकलेलं. ते माझं मशीन आहे."

आम्ही तिघी वाकतो. त्याच्या खांद्याच्या मागे, चौकटीच्या अगदी कडेला, कापडाखाली काहीतरी उंच आहे आणि खालून लोखंडी पायाची काळी जाळी दिसतेय. पायाचं शिलाई मशीन. मला तरी तसंच दिसतं, पण मी शपथेवर सांगू शकणार नाही. तिला शंका नाही. लग्नात वडिलांनी दिलेलं. त्यावर ब्लाउज शिवून तिनं लेकीची शाळेची फी भरलीय. आणि कोर्टात त्यानं लेखी म्हणणं दिलंय की अर्जदाराची कोणतीही चीजवस्तू घरात नाही, सगळं घेऊनच ती निघून गेली.

आक्का म्हणतात, "अगं काढ की फोटो."

ताईंचा हात फोनकडे जातो आणि थांबतो. कोर्टाच्या कामकाजाचं परवानगीशिवाय चित्रीकरण करायचं नाही, हा नियम त्यांनीच भिंतीवर लिहून लावलाय. कामकाज आत्ता चालू नाही, जेवणाची सुट्टी आहे. तरी लिंक कोर्टाची आहे. उद्या सामनेवाल्यांचे वकील म्हणतील, अर्जदारानं कोर्टाचा नियम मोडला. फोटो नको. वकीलबाईंना कळवायचं.

ताई व्हॉट्सअॅपवर लिहितात: मागे शिलाई मशीन दिसतंय, म्हणण्यात नाकारलंय, कृपया मॅडमच्या लक्षात आणून द्या. एक खूण येते, दोन येतात. निळ्या होत नाहीत. वकीलबाईंचा फोन कोर्टात पर्समध्ये, आवाज बंद. प्रत्यक्ष कोर्टात असती तर तिनं काळ्या कोटाची बाही ओढली असती. इथे बाही पडद्यावर दिसते, हाताला लागत नाही. पडद्यावरच्या सुनावणीत बाईचं काय जातं असं कुणी विचारलं, तर मी या बाहीपासून सुरुवात करीन.

दुसरीकडे, त्याच्या खोलीत कोण आहे हे कुणी बघत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनं नमुना नियम आखून दिलेत. त्यांत साक्षीदार तुरुंगात असेल तर अधीक्षकानं, महिला आश्रयगृहात असेल तर तिथल्या प्रमुखानं लक्ष ठेवायचं, साक्ष देणाऱ्याला कुणी पढवत नाही ना ते पाहायचं, असं सगळं लिहिलेलं आहे. घराच्या हॉलमध्ये मात्र अधीक्षक नसतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मार्च २०२१ मध्ये मारहाणीच्या आरोपाची सुनावणी अशीच पडद्यावर चालली होती. साक्ष देणारी तरुणी प्रत्येक उत्तराआधी बाजूला बघतेय हे सरकारी वकील डेबोरा डेव्हिस यांच्या ध्यानात आलं. आरोपी त्याच घरात असावा, असं त्यांनी न्यायाधीश जेफ्री मिडल्टन यांना सांगितलं. न्यायाधीशांनी त्याला घराबाहेर जाऊन दाराचा नंबर दाखवायला सांगितलं, तो फोनची बॅटरी संपत आल्याची सबब सांगू लागला, आणि तेवढ्यात पोलीस तिच्या दारात पोचले. ती चित्रफीत जगभर फिरली. ताईंनी ती एका प्रशिक्षणात पाहिलीय. "त्या वकीलबाई बघत होत्या म्हणून," त्या म्हणतात. "आपल्याकडं बोर्डावर साठ केसेस. कोण कोणाच्या डोळ्यांकडं बघणार?" म्हणून तर ही खोली. घरी नवरा नसेल, पण भाऊ असतो, वहिनी असते, 'एवढं कशाला बोललीस' म्हणणारी आई असते. माहेरच्या माजघरात बसून मारहाणीचं सांगता येत नाही.

तीन वाजून गेलेत. पंखा बंद. ताई आणि मी भिंतीकडेला. आक्कांना चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवलंय, त्या दाराबाहेरच थांबल्यात, चपला दिसतात.

"अडतीस!"

वकीलबाईंची बाही पुढे येते. ताई कॅमेरा लावतात, माइक उघडतात. ती पदर सारखा करते. पडद्याच्या कोपऱ्यात ती स्वतःलाच दिसते आणि दचकते.

न्यायाधीश मॅडमचा आवाज येतो, चेहरा अर्धाच. "अर्जदार, कुठून जॉईन झालात?"

हा प्रश्न येणार हे ठरलेलं होतं. तरी ती ताईंकडे बघते. मग सांगते, "मॅडम, वकिलांनी बंद पाकिटात दिलंय."

कागद चाळल्याचा आवाज. "बरं. खोलीत आणखी कोण आहे?"

"संस्थेच्या ताई आहेत. आणि एक लिहिणाऱ्या बाई."

"दोघींनी कॅमेऱ्यासमोर या."

आम्ही पुढे जाऊन वाकतो. ताई नमस्कार करतात, मीही करते. मॅडम आमची नोंद घेतात आणि मागे, पण दिसतील अशा बसा म्हणतात. बरोबर आहे, कुणी पढवू नये म्हणून हेच हवं. परत बसताना माझ्या ध्यानात येतं की मला त्यानंही पाहिलं. खाकी तुकडा आता काढलेला आहे. तो पडद्यातून सरळ बघतोय आणि मी उगाचच वहीत मान घालते.

वकीलबाई थकलेल्या पोटगीचं बोलतात. अंतरिम आदेश दरमहा सहा हजारांचा, पाच महिन्यांचे थकलेत. सामनेवाल्यांचे वकील म्हणतात, धंदा बसलाय, मुदत द्यावी. मॅडम म्हणतात, मागच्या तारखेलाही बसलाच होता. हे सगळं भराभर चाललंय, रोजचंच असल्यासारखं, आणि मशीनचा विषय कुठेच निघत नाही. निळ्या खुणा अजून नाहीत. वकीलबाई फाइल मिटतात. मॅडम पुढची तारीख बघतायत.

"मॅडम, मला बोलायचंय."

आवाज फाटका येतो. शिरस्तेदार म्हणतो, "वकिलांमार्फत बोला." मॅडम म्हणतात, "थांबा. बोला, काय?"

"मॅडम, माझं मशीन..." ती सुरू करते आणि त्याच क्षणी लॅपटॉपमधून तो आवाज येतो. छन्. छन् छन्. लहानसा, धातूचा. त्याच्या चौकटीत हात दिसत नाही, फक्त खांदा किंचित हलतोय.

ती थांबते. पाठ ताठ होते, तोंड उघडंच. ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्यात, पण बोलायची सोय नाही. बोलल्या तर पढवलं म्हणतील. छन् छन्. मॅडम विचारतात, "अर्जदार? आवाज येत नाहीये का?"

"गैरअर्जदार, तुमच्याकडनं आवाज येतोय, म्यूट व्हा!" शिरस्तेदार वैतागून ओरडतो. क्षणभर वाट बघतो आणि मग बहुधा स्वतःच बटण दाबतो. त्याच्या चौकटीवर लाल रेघेचा माइक उमटतो. खांदा अजून हलतोय. आवाज नाही.

शिरस्तेदाराला काहीच ठाऊक नाही. त्याच्या लेखी तो गोंगाट होता.

ती पडद्याकडे बघत राहते, त्या लाल रेघेकडे. मग एका दमात बोलते. "मॅडम, त्यांनी लिहून दिलंय की माझी वस्तू घरात नाही. त्यांच्या मागं बघा. शोकेसच्या बाजूला फुलांच्या कापडाखाली माझं शिलाई मशीन आहे. काळ्या पायाचं. माझ्या वडिलांनी दिलेलं."

डायसकडून हालचाल. मॅडम पुढे वाकतात, पहिल्यांदा पूर्ण चेहरा दिसतो. आणि त्याची चौकट काळी होते.

"साहेब, नेटवर्कचा प्रॉब्लेम," त्याचे वकील म्हणतात, मॅडमनाच. दोनेक मिनिटांनी तो परत येतो. आता त्याच्या मागे कोरी भिंत आहे. मशीन? ते आईचं आहे. आईला शिवता येतं का? म्हणजे, जुनं आहे, पडून आहे. त्याचे वकील हरकत घेतात: हा पुरावा नव्हे, पडद्यावर काय दिसलं याला काही अर्थ नाही. कायद्यानं त्यांचं चूक नाही. मॅडमही तेच म्हणतात, पण वेगळ्या वळणानं: अर्जदारानं स्त्रीधनाची यादी आठ दिवसांत द्यावी, संरक्षण अधिकाऱ्यांनी सामनेवाल्यांच्या घरी जाऊन पाहणी करून अहवाल सादर करावा, थकलेल्या रकमेपैकी निम्मी पुढच्या तारखेआधी भरावी. स्टेनो टाइप करतो. तारीख तीन आठवड्यांनंतरची.

"एकोणचाळीस!"

झालं. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं.

ती हलत नाही. कोर्ट सुटलं हे कळायला इथे जिना नाही, फाटक नाही. पुढच्या केसमधली बाई बोलू लागलीय, तिच्या घरातलं, आणि ते आम्हाला स्वच्छ ऐकू येतंय. कलम १६ प्रमाणे न्यायाधीशांनी ठरवलं तर अशी सुनावणी बंद खोलीत घेता येते; आज तसं काही ठरवलेलं नाही. ताई घाईनं लाल बटण दाबतात. मग खिडकी उघडतात, पंखा लावतात, आणि बाहेरच्या कर्ण्यावर आमच्या गावाचं नाव दणदणीत घुमतं. आक्का आत येतात.

"बोललीस गं," त्या म्हणतात. "मी ऐकलं." तरी त्यांचा अर्ज तोच राहतो. त्या प्रत्यक्षच जाणार. ताई त्यांना सांगतात की एकटीनं जायचं नाही, संस्थेची मुलगी सोबत येईल. व्हरांड्यात नाही, वकिलांच्या खोलीत बसायचं.

वकीलबाईंचा मेसेज आता येतो. 'सॉरी, आत्ता पाहिलं. छान बोलली. यादी आजच पाठवा. पावती असेल तर उत्तम.'

पावती कुठून असणार? पण वडिलांनी मशीन ज्या दुकानातून घेतलं त्याचं नाव तिला माहीत आहे आणि लग्नातल्या फोटोत ते मांडवात ठेवलेलं दिसतं, रुखवताच्या शेजारी. फोटो थोरल्या बहिणीकडे आहे. तोवर मशीन त्या घरात राहील का, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. आक्का विचारतात. "न्यायचं तर आजच रात्री नेतील की." ताई मान डोलावतात. संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्या संध्याकाळीच फोन लावणार आहेत. पण आदेशाची प्रत पोचल्याशिवाय तिथून कुणी निघत नाही, हेही त्यांना पक्कं माहीत आहे.

तिचा फोन थरथरतो. नणंदेच्या नंबरवरून आवाजी निरोप, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. नवा नंबर त्यांच्यापर्यंत पोचलाच म्हणजे. ती फोन ताईंसमोर धरते.

"ऐकायचा नाही, पुसायचाही नाही," ताई म्हणतात. अंतरिम संरक्षण आदेशात स्पष्ट लिहिलंय, सामनेवाल्यानं स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत संपर्क साधायचा नाही. मोडला तर कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण आधी वकीलबाईंनी ऐकायला हवं, काय आहे ते. ताई तारीख-वेळ रजिस्टरमध्ये उतरवतात. निरोप तसाच राहतो, निळ्या ठिपक्यासह.

"चल, यादी करू," त्या म्हणतात आणि कोरा कागद पुढे ओढतात. "शिलाई मशीन, एक."

"पायाचं. ड्रॉवरला डाव्या बाजूला चीर आहे, लेकीनं पाडलेली. ते लिहा, म्हणजे ओळखू येईल."

"पुढे."

"तांब्याचा हंडा. पितळेची परात, तिच्यावर आईचं नाव कोरलंय. स्टीलचे डबे सात... नाही, सहा, एक मी आणलाय. गादी एक. कुकर पाच लिटरचा. मंगळसूत्र माझ्याकडंच आहे, ते नको. कानातले त्यांनी गहाण टाकलेत, त्याची चिठ्ठी मी बघितली होती, बँकेची नाही, सोनाराची."

"सोनाराचं नाव?"

ती नाव सांगते, पेठही सांगते. ताई लिहितात. आक्का कागदावर वाकून बघतायत.

"मिक्सर?" आक्का विचारतात. "मिक्सर राहिला की गं. लिही."

"मिक्सर लिहू नका," ती म्हणते. "तो जावेचा आहे."